ट्रान्सपाँडरची बॅटरी दगा देतेय? या चुका टाळा

शनिवारची क्वालिफाइंग, म्हणजे रेसला कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणारं सत्र. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला करी मोटर स्पीडवेवर आमची गाडी ट्रॅकवर होती. पिट वॉलवरच्या मॉनिटरवर तिच्या नंबरापुढे वेळ उमटली, 2:24. आधीची फेरी 1:12 ची होती, नंतरचीही 1:12 च्या आतबाहेर. शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला, "फिरली वाटतं गाडी." सत्र संपलं, गाडी आत आली, आणि पोरगा हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागला, "दादा, मी कुठं थांबलोच नाय. एकदापण गाडी सुटली नाय हातातून."

मी टायर बघितले. कुठेही सपाट घासल्याची खूण नव्हती, गाडीच्या बाजूच्या साइडपॉडमध्ये माती-गवत अडकलेलं नव्हतं. मग लक्षात आलं की 1:12 ची दुप्पट बरोबर 2:24 येते. गाडी थांबलीच नव्हती. एका फेरीला रेषेवरून जाताना तिच्या ट्रान्सपाँडरचा, म्हणजे फेऱ्यांची वेळ लागावी म्हणून गाडीवर बसवलेल्या डबीचा, आवाज टायमिंगच्या डिकोडरला ऐकूच आला नव्हता, म्हणून दोन फेऱ्यांची एक फेरी झाली होती. माझ्या हातातल्या स्टॉपवॉचनुसार त्या दोघींतली एक त्याची त्या दिवसाची सगळ्यात जलद फेरी होती. ती गेली. ग्रिडवर दोन जागा मागे.

मी कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगराच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम करतो. आपल्याकडे फाउंड्री, मशीन शॉप आणि रेसिंगचं वेड ही तिन्ही एकाच गल्लीत सापडतात, त्यामुळे सीझनमध्ये टीमबरोबर जाणं ओघानं आलं. हजार किलोमीटरच्या आसपास ट्रेलर ओढत कोइमतूरला जायचं, इंजिन उतरवून-चढवून रात्री जागवायच्या, आणि मग मुठीत मावेल एवढ्या प्लास्टिकच्या डबीमुळे मेहनत वाया जायची, हे मला फार लागतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. यातल्या बऱ्याच चुका माझ्या हातून झाल्यात, काही डोळ्यांसमोर होताना पाहिल्यात.

आधी ती डबी करते काय

फिनिश लाइनला ट्रॅकच्या पोटात तारेचा लूप पुरलेला असतो. ट्रान्सपाँडरमध्ये एक बारीक कॉइल असते आणि ती सव्वाशे किलोहर्ट्झच्या आसपासच्या चुंबकीय क्षेत्रातून स्वतःचा नंबर सतत ओरडत असते. गाडी लूपवरून गेली की तारेत तो संदेश उमटतो, टायमिंग रूममधला डिकोडर तो वाचतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतची वेळ लावतो. हे क्षेत्र फार लांब पोचत नाही. म्हणून तर ट्रान्सपाँडर जमिनीपासून साधारण 60 सेंटीमीटरच्या आत बसवायला सांगतात.

आता हिशेब बघा. ताशी 180 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 50 मीटर. लूपच्या वर ज्या मीटरभर पट्ट्यात ट्रान्सपाँडर नीट ऐकू येतो, तो पट्टा गाडी 20 मिलिसेकंदात पार करते. तेवढ्या वेळात डबीने आपला नंबर अनेकदा सांगायचा असतो. यातल्या जेवढ्या आरोळ्या डिकोडरला स्वच्छ ऐकू येतात, त्यांना टायमिंगवाले हिट्स म्हणतात. बॅटरी थकली की आवाज बारीक होतो, आवाज बारीक झाला की ऐकू येण्याचा पट्टा आखूड होतो, आणि हिट्स कमी होतात. सगळ्यात उशिरा, एखादी फेरी गळते.

बॅटरी एकदम मरेल असं धरून चालणं

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक हीच. आपल्याला टॉर्चची सवय असते. सेल संपला की टॉर्च मंद होते आणि ते डोळ्यांना दिसतं. ट्रान्सपाँडरचं मंद होणं दिसत नाही. पिट लेनमधून 60 च्या वेगाने जाताना तो वाचला जातो, कारण तिथे डिकोडरला तिप्पट वेळ मिळतो. आउट लॅपला, पिटमधून बाहेर पडतानाच्या पहिल्या फेरीला, वाचला जातो. सरावाच्या पहिल्या पाच फेऱ्या वाचल्या जातात. मग पूर्ण वेगाने, उन्हात, चौदाव्या फेरीला गळतो. लोक म्हणतात, "सकाळी तर चालत होता!" चालत होताच. काठावर चालत होता.

जुन्या सेलची आतली अडवणूक वाढलेली असते. गच्चीवरची टाकी भरलेली आहे पण पाइपात क्षार साचलाय, अशातली गत. नुसतं मीटर लावून व्होल्टेज बघितलं तर ठीक दिसतं. कॉइलला करंट द्यायची वेळ आली की तेच व्होल्टेज खाली बसतं.

एखादी फेरी नेमकी दुप्पट दिसली तर पहिला संशय ट्रान्सपाँडरवर घ्या. गाडी फिरली किंवा ड्रायव्हरने ढिलाई केली तर वेळ वाढेल, पण बरोबर दुप्पट क्वचितच होईल. पोरावर ओरडण्याआधी एवढी आकडेमोड करा, कारण त्या दिवशी आमच्या पोराचं तोंड बघवत नव्हतं.

हिरव्या दिव्यावर भिस्त

ट्रॅन्एक्स 260 हा जुना रिचार्जेबल ट्रान्सपाँडर आपल्याकडे अजून कित्येकांच्या पेटीत आहे. त्याचा हिरवा दिवा जितक्या वेळा लुकलुकतो तितके दिवस चार्ज शिल्लक, आणि लाल लुकलुकला की चार्जरवर लावायची वेळ झाली, असं साधं गणित. पूर्ण चार्ज व्हायला 16 तास, आणि त्यावर चार दिवस. नवा असताना हे गणित चोख असतं.

आठ-दहा वर्षं वापरलेल्या नगाचं तसं नसतं. आमचा तो ट्रान्सपाँडर शुक्रवारी सकाळी चार्जरवरून काढला तेव्हा इमानदारीत चार वेळा लुकलुकला. शनिवारी दुपारी, त्या क्वालिफाइंगनंतर, मी सीटमागून काढून तळहातावर धरला तेव्हा दिवा लाल होता. दीड दिवसात चार दिवस संपले होते. तेव्हापासून मी पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय. कधी काढला, किती वेळा लुकलुकला, लाल कधी झाला. तीन वीकेंडच्या नोंदी झाल्या की बॅटरीचं खरं वय त्या कागदावर दिसतं. सहा महिन्यांपूर्वी तीन दिवस टिकणारा आता दोन दिवस टिकतोय, तर पुढच्या रेसआधी निर्णय घ्यायला हवा.

चार्जिंगच्याही चुका असतात. 16 तास म्हणजे 16 तास. पॅडॉकमधला, म्हणजे टीम तळ ठोकतात त्या आवारातला, जनरेटर रात्री बंद होतो, हॉटेलात खोलीची चावी-कार्ड काढलं की प्लगची वीज जाते. आपण समजतो रात्रभर चार्ज झाला, प्रत्यक्षात पाच तास मिळालेले असतात. निघायच्या आदल्या दिवशी घरीच पूर्ण चार्ज करा आणि चार्जर बरोबर घ्या. दुसरं, जुन्या रिचार्जेबल प्रकाराला बंद करायचं बटण नसतं. वीकेंड संपल्यावर तो पेटीत पडल्या पडल्या ओरडत राहतो आणि बॅटरी तळाला जाते. तसाच तीन महिने ऑफ-सीझनला पडला तर पुढच्या सीझनला तो चार्ज धरेलच असं नाही. ऑफ-सीझनमध्ये महिना-दीड महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज द्यावा. कपाटात ठेवावा. पत्र्याच्या कंटेनरमध्ये एप्रिल-मेच्या उन्हात ठेवू नये, उष्णतेसारखा सेलचा दुसरा शत्रू नाही.

सगळा दोष बॅटरीला

आता उलट बाजू. माझ्याकडे "बॅटरी गेली" म्हणून येणाऱ्या नगांत असेही असतात ज्यांची बॅटरी ठणठणीत असते. उघडायच्या आधी या गोष्टी तपासा.

चार्जरचे संपर्क. चार्जरमधल्या पिना आणि ट्रान्सपाँडरवरचे धातूचे ठिपके काळे पडतात. ब्रेक डस्ट, चेन ल्यूब, घामट हात. शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. पॉलिश पेपर नको, वरचा मुलामा निघतो आणि मग ते ठिपके दर महिन्याला काळे होतात.

बसवण्याची जागा. ट्रान्सपाँडर आणि डांबर यांच्या मध्ये धातू किंवा कार्बन फायबर आलं की चुंबकीय क्षेत्र तिथेच अडतं. फायबरग्लास चालतं, कार्बन चालत नाही. कोणीतरी ऑफ-सीझनमध्ये खालून ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेट केलेली असते आणि दोष बॅटरीवर जातो. डबी होल्डरमध्ये ज्या बाजूने उभी बसायची तशीच बसली पाहिजे. केबल टायने आडवी बांधली की आतल्या कॉइलची दिशा बदलते आणि संदेश जमिनीकडे जायचा तो भलतीकडे जातो. इग्निशन कॉइल आणि प्लगच्या वायरीपासूनही लांब ठेवा.

होल्डरची क्लिप. ती आर-पिन सैल झालेली असेल तर डबी कंपनाने तिरकी होते. दहा रुपयांची वस्तू आहे, प्रत्येक रेसला नवी घाला.

थेट गाडीच्या बॅटरीवर चालणारा प्रकार असेल तर त्याला आतला सेल थकण्याचा प्रश्नच नाही, पण वायरिंगचा आहे. लाल वायर मास्टर स्विचनंतर, फ्यूजसह. अर्थिंगची वायर चॅसिसवर घेतली असेल तर तो नट उघडून खालचा रंग खरवडलेला आहे का बघा. पावडर कोटिंगवर घट्ट आवळलेला अर्थ मीटरवर दाखवतो आणि कंपनात सोडतो.

टायमिंग रूमचं दार न वाजवणं

याबद्दल मी कळकळीने सांगतो, कारण आपली टीम तिथे फक्त भांडायला जाते. निकाल लागला, फेरी गळली, की आवाज चढवत जायचं. टायमिंगवाल्यांकडे प्रत्येक गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंद असते, आणि त्या नोंदीत वेळेबरोबर हिट्सची संख्या आणि सिग्नलची ताकदही असते. डॉक्टरने नाडी बघावी तशी ही नाडी आहे आणि ती फुकट बघायला मिळते.

शुक्रवारच्या सरावानंतर, गर्दी नसताना जा. "सर, आमच्या गाडीचे हिट्स जरा बघता का, शेजारच्या गाड्यांच्या तुलनेत?" असं विचारा. मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. त्यांनाही गळलेल्या फेऱ्या नको असतात. गळलेली फेरी त्यांना फोटोसेलच्या किंवा कॅमेऱ्याच्या नोंदीवरून हाताने भरावी लागते आणि त्यात त्यांचीच धावपळ होते. तुमच्याच क्लासच्या, तेवढ्याच वेगाच्या, तशाच जागी बसवलेल्या गाडीच्या तुलनेत तुमचे हिट्स निम्म्याखाली असतील तर काहीतरी बिघडलंय. सत्राच्या सुरुवातीला बरे आणि शेवटाकडे घसरत असतील तर बॅटरी. पहिल्या फेरीपासून सारखेच कमी असतील तर बसवण्याची जागा. हा फरक मी एवढा जपून सांगतोय कारण याने तुमचं डबी उघडण्याचं अर्धं काम वाचतं.

एक मात्र कधी करू नका. ट्रान्सपाँडर चालतोय का हे बघायला तो हातात घेऊन लूपजवळ उभे राहू नका किंवा पिट वॉलवर, जिथे खालून लूपची तार जाते, तिथे ठेवून देऊ नका. तो तिथे अखंड ओरडत राहतो आणि त्या वेळी रेषेवरून जाणाऱ्या दुसऱ्या गाड्यांचे संदेश त्यात बुडतात. आपल्या चाचणीपायी दुसऱ्याच्या पोराची फेरी जाते.

बाकावरची चाचणी

घरी ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल, किंवा ओळखीच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे असेल, तर ही चाचणी करा. इनॅमल तारेचे पंधरा-वीस वेढे चहाच्या बशीएवढ्या गोलावर घ्यायचे, दोन्ही टोकं स्कोपच्या प्रोबला. त्या कॉइलच्या वर पुठ्ठ्याचा एक ठोकळा, म्हणजे अंतर दर वेळी सारखं राहील. त्यावर ट्रान्सपाँडर गाडीत बसतो तसा उभा ठेवायचा. पडद्यावर थांबून थांबून येणारे झुबके दिसतात, तो त्याचा आवाज. उंची लिहून ठेवा. मग मित्राचा चांगला नग त्याच जागी ठेवा आणि तुलना करा.

खरी माहिती पुढे मिळते. पूर्ण चार्ज करून दर सहा तासांनी हीच उंची वहीत लिहा. चांगल्या बॅटरीचा आलेख दिवसेंदिवस जवळजवळ सपाट राहतो आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखा पडतो. थकलेल्या बॅटरीचा पहिल्या दिवसापासूनच उतार. आमच्या नगाचा उतार मी वहीत काढला तेव्हा क्वालिफाइंगच्या वेळी तो कुठे असेल ते बोट ठेवून दाखवता आलं.

चाकू घेऊन बसणं

आता उघडण्याबद्दल. या डब्या स्क्रूच्या नसतात. आत सगळं रेझिनमध्ये ओतलेलं असतं, पाणी आणि कंपन यांचा परिणाम होऊ नये म्हणून. म्हणजे बनवणाऱ्याने ती उघडायची सोयच ठेवलेली नाही. उघडली की वॉरंटी संपली हे उघड आहे, पण वॉरंटीतला नग असेल तर उघडायचा विचारच करू नका, थेट बदलून मागा. आणि सबस्क्रिप्शनवर, म्हणजे ठरावीक मुदतीचे पैसे भरून, चालणारा नवा एक्स2 ट्रान्सपाँडर असेल तरीही नको.

जुना, वॉरंटी कधीच संपलेला, हाताशी दुसरा असलेला नग असेल तरच बाकावर घ्या. लोकांची पहिली चूक म्हणजे हीट गन. रेझिन मऊ पडतं हे खरं, पण आतला सेलही तापतो. लिथियमचा सेल असेल तर तो फुगू शकतो, पेटू शकतो. निकेलचा असेल तर गळतो. दुसरी चूक, मोठ्या ग्राइंडरने अंदाजे कापत जाणं. आत फेराइटच्या गाभ्यावर केसाएवढ्या तारेची कॉइल असते. ती तुटली की मग बॅटरी नवी घाला नाहीतर सोन्याची, डबी मुकी.

मी काय करतो ते सांगतो. आधी स्कोपच्या कॉइलवर डबी फिरवून, सगळ्यात मोठा आवाज कुठून येतो ते बघून, आतली कॉइल कोणत्या बाजूला आहे त्याची मार्करने खूण करतो. त्या बाजूला हत्यार लावायचं नाही. मग छोट्या रोटरी टूलला बारीक बर, म्हणजे कोरायचं टोक, लावून, विरुद्ध बाजूने, अर्धा अर्धा मिलिमीटर. दर दोन मिनिटांनी थांबून बोट लावून बघायचं, कोमट लागलं की थंड होऊ द्यायचं.  भुग्याचा रंग बदलला किंवा तो चमकदार दिसला की थांबायचं, तुम्ही धातूपाशी पोचलात. इथून पुढे हातातल्या कोरणीने. तोंडाला मास्क हवाच, तो भुगा फुप्फुसात जाऊ देऊ नका. पहिल्या नगाला मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. घाई असेल त्या आठवड्यात हे काम हाती घेऊ नका.

मिळेल तो सेल

मी उघडलेल्या जुन्या नगांत तीन निकेल सेलचा 3.6 व्होल्टचा पॅक निघाला. 16 तासांचा संथ चार्ज असाच निकेल सेलला शोभतो, क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट चौदा ते सोळा तास. आता बाजारात 3.7 व्होल्टचे लिथियम सेल पैशाला पासरी मिळतात आणि 3.6 च्या जागी 3.7 म्हणजे फरक तो काय, असं वाटतं. फार मोठा आहे. लिथियम सेल 4.2 व्होल्टला थांबवावा लागतो आणि तो थांबवणारा चार्जर वेगळा असतो. निकेलसाठी बनवलेलं चार्जिंग त्याला ढकलतच राहील. रेझिनमध्ये बंद केलेला, ड्रायव्हरच्या पाठीशी बसवलेला, जास्त चार्ज झालेला लिथियम सेल ही कल्पनाच मला सहन होत नाही. ज्या जातीचा निघाला त्याच जातीचा, त्याच व्होल्टेजचा आणि शक्यतो त्याच मापाचा सेल घाला. वरचं लेबल खरवडलं गेलं असेल आणि जात ओळखता येत नसेल तर काम तिथेच थांबवा.

मोठ्या क्षमतेचा मोह टाळा. मोठा सेल म्हणजे जास्त पोलाद, आणि ते कॉइलच्या जवळ आलं की क्षेत्राचा काही भाग तेच गिळून टाकतं. बॅटरी टिकते आठ दिवस, पण हिट्स पहिल्या दिवसापासून कमी. शिवाय ठरलेल्या तासांच्या चार्जिंगमध्ये मोठा सेल भरतही नाही. जुना जिथे होता, नेमका तिथेच, तेवढाच नवा.

सेलच्या अंगावर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवायचं नाही, आतलं सील वितळतं. पट्ट्या स्पॉट-वेल्ड केलेले सेल मिळतात, सोल्डर त्या पट्टीच्या टोकाला करा. जोडण्याआधी मीटरने प्लस-मायनस दोनदा बघा, आणि एकदा दुसऱ्याला बघायला सांगा. उलटी जोडणी झाली तर सर्किटला दुसरी संधी मिळत नाही.

वरून सिलिकॉन चोपडणं

हार्डवेअरच्या दुकानातलं स्वस्त सिलिकॉन उघडलं की व्हिनेगरचा वास येतो. तो ॲसिटिक ॲसिडचा वास आहे, आणि बंद जागेत ते तांब्याला हिरवं करतं. असा एक नग माझ्याकडे आला होता. कोणीतरी बॅटरी व्यवस्थित बदलली होती, सोल्डर सुरेख होतं, आणि वर ते सिलिकॉन. आठ महिन्यांनी आत पट्टीवर पोपटी बुरशीसारखा थर, कॉइलची तार जोडाजवळ सुईने हात लावताच सुटली. इतक्या चांगल्या हाताचं काम एका ट्यूबने घालवलं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन वापरा किंवा इलेक्ट्रॉनिक्ससाठीचं पॉलियुरेथेन पॉटिंग, म्हणजे ओतून घट्ट होणारं मिश्रण. दोन थरांत भरा, पहिला थर बुडबुडे निघून बसू द्या. बुडबुडा राहिला की पावसाळ्यात त्यातूनच पाणी शिरतं.

भरण्याआधी स्कोपवर आवाज बघा, भरून सुकल्यावर पुन्हा बघा. दोन्ही उंची सारख्या हव्यात.

दुरुस्त झाला की लगेच रेसला

दुरुस्त केलेला ट्रान्सपाँडर मी सरावाला लावतो. एक पूर्ण वीकेंड शुक्रवार ते रविवार त्याचे हिट्स शेवटच्या सत्रापर्यंत सपाट राहिले, तरच तो पुढच्या वेळी क्वालिफाइंगला जातो. तोपर्यंत स्पर्धेसाठी भाड्याचा. बहुतेक स्पर्धांच्या नियमपत्रकात ट्रान्सपाँडर चालू ठेवण्याची जबाबदारी स्पर्धकावर टाकलेली असते, त्यामुळे गळलेल्या फेरीबद्दल दाद मागायला गेलात तर तेच कलम पुढे येतं. टायरच्या एका सेटच्या तुलनेत भाडं किरकोळ आहे, इथे काटकसर करू नका.

आणि एकाच नगाची दुसऱ्यांदा बॅटरी बदलायला मी हात लावत नाही. पहिल्यांदा कोरलेल्या रेझिनची पकड कमी झालेली असते. त्याला निवृत्त करून नवा घ्यावा.

नवा घेताना घाई नको. आधी आपण ज्या ज्या ट्रॅकवर जातो तिथल्या टायमिंगवाल्यांना विचारा की त्यांचा डिकोडर कोणता आणि त्यावर काय चालतं. करी, श्रीपेरंबुदूरजवळचं मद्रास सर्किट, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, जिथे जाणार असाल तिथलं सगळं विचारून घ्या. कार्टचा ट्रान्सपाँडर स्वस्तात मिळतोय म्हणून गाडीला लावू नका, तो कमी वेगासाठी केलेला असतो. रिमोटच्या खेळण्यातल्या गाड्यांचे तर पूर्ण वेगळ्या पद्धतीचे, ट्रॅकच्या लूपला ते कळतच नाहीत. गाडीला बॅटरी आणि अल्टरनेटर असेल तर थेट वायरवर चालणारा घ्या, चार्जिंगची चिंताच संपली. नव्या एक्स2 ला सबस्क्रिप्शन लागतं. सेकंडहँड घेताना ते कधीपर्यंत आहे आणि तुमच्या नावावर होतंय का, हे पैसे देण्याआधी बघा. सीझनच्या मधोमध, शनिवारी सकाळी ते संपलं की ऐनवेळी धावाधाव होते.

नंबर न कळवणं

ही चूक सगळ्यात छोटी, आणि चांगल्या चांगल्या टीम करतात. त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही भाड्याचा ट्रान्सपाँडर घेतला, होल्डरमध्ये बसवला, नवी पिन घातली, जुना पेटीत टाकला. रविवारी सकाळी वॉर्म-अपला मॉनिटरवर तिसऱ्या जागी एक नाव नसलेली ओळ दिसायला लागली, फक्त अंकांची. आमच्या पोराच्या नावापुढे काहीच नाही. तो तिसराच पळत होता, सिस्टिमला मात्र तो अनोळखी होता, कारण नवा नंबर गाडीच्या नावाशी कोणी जोडलाच नव्हता.

मी पॅडॉकमधून टायमिंग रूमपर्यंत पळत गेलो. आतल्या बाईंनी शांतपणे एक चिठ्ठी पुढे सरकवली. गाडीचा नंबर, जुना ट्रान्सपाँडर, नवा ट्रान्सपाँडर, सही. मी लिहिलेला एक अंक त्यांनी डबीवरच्या लेबलाचा फोटो मागून पुन्हा ताडून घेतला. बाहेर येऊन मॉनिटरकडे बघितलं तर त्या ओळीत नाव आलेलं होतं. तेव्हापासून ट्रान्सपाँडर बदलला की पहिला फोटो लेबलाचा काढतो, आणि पिन लावायच्या आधी पोराला त्या खिडकीवर पाठवतो.